खाण कुणी बुडवली

आईच्या स्वयंपाकघरात अजूनही दोन पाळ्या चालायच्या. खाण बंद पडून जमाना लोटला होता, भोंगा गंजून गेला होता, ट्रॉलीच्या रुळांमध्ये झुडपं माजली होती, पण पाळ्या काही सुटल्या नव्हत्या. पहिल्या पाळीला काका जेवायला येत, दुसऱ्या पाळीला मामा. काका म्हणजे आईचे धाकटे दीर, खाणीचे शेवटचे मुकादम. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, खाणीत सुरुंग लावणारा. काकांनी हात पुसून टॉवेल खुंटीला टांगला की मामा आपल्या घरातून निघत. वाटेत गाठ पडलीच तर दोघंही मान वर करून आभाळाकडे बघत पुढे जात, जणू तिथे कुणी आजची सूचना चिकटवली आहे.

दोघंही एकटे. काकांची बायको लवकर गेली, आणि मामांनी लग्नच केलं नाही. घरं मात्र एकमेकांना खेटून, मधली भिंत सामाईक. आईचं घर गल्लीच्या दुसऱ्या बाजूला, बरोबर समोर. काही सांगायचं झालंच तर ते आईमार्फत.

“वहिनी, पलीकडच्यांना सांगा, त्यांच्या टाकीचं पाणी माझ्या भिंतीत मुरतंय.”

“ताई, सांग त्यांना, मुरू दे म्हणावं. अर्धी भिंत माझी आहे. माझ्या अर्ध्यात मुरतंय.”

आई दोन्ही निरोप ऐकून घ्यायची आणि एकही पोचवायची नाही. पोचवायची गरजच नसायची. गल्ली एवढीशी आणि आवाज दोघांचेही खाणीत कमावलेले.

गारगोटीला यात नवल वाटत नव्हतं, कारण ती हे बघतच मोठी झाली होती. गारगोटी म्हणजे आईची एकुलती एक मुलगी. लहानपणी फ्रॉकचे खिसे खड्यांनी भरून घरी यायची म्हणून वडिलांनी हे नाव ठेवलं. पुढे ती भूगर्भशास्त्र शिकली, शहरातल्या कॉलेजात शिकवू लागली, केस पांढरे व्हायला लागले, तरी गल्लीत शिरली की गारगोटीच. या खेपेला ती दोन कामं घेऊन आली होती. नगरपालिका जुन्या खाणीचा पुढचा भाग लोकांना बघायला खुला करणार होती आणि दाराशी लावायच्या फलकावरचा मजकूर तिने लिहून द्यायचा होता. हे सोपं काम. अवघड काम म्हणजे आईचा गुडघा.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. त्यानंतर आईने दोन-तीन महिने शहरात लेकीकडे राहायचं, असं ठरत होतं. ठरत होतं म्हणजे गारगोटी ठरवत होती. आई ताकास तूर लागू देत नव्हती.

“आई, तुला जिना चढवत नाही. शेगडीसमोर उभं राहवत नाही. अजून कशाची वाट बघतेयस?”

“मी गेल्यावर या दोघांना कोण बघणार?”

“डबा लावू. दोघांना दोन डबे.”

“जेवणाचं नाही गं.” आई खुर्चीवर टेकली आणि गुडघा चोळत राहिली. “तुला आठवतं, खाणीत दरड कोसळून कुणी आत अडकलं तर काय करायचे?”

गारगोटीला माहीत होतं. अडकलेला माणूस दगडाने भिंतीवर ठोकायचा. बाहेरचा ठोक्याला ठोका द्यायचा. मी आहे. मीपण आहे. बस्स, एवढंच. समोरचा दोस्त आहे की दुश्मन, हे कुणी विचारत नसे.

“त्या दोघांच्या मधल्या भिंतीवर खाण बंद झाल्यापासून ठोका पडलेला नाही,” आई म्हणाली. “मी रोज दोघांना जेवायला घालते ते हौसेने नाही. दोघं जिवंत आहेत हे बघून घेते. मी नसताना एक जण पडला, तर दुसरा भिंतीला कान लावून बसेल, पण ठोकणार नाही. तोऱ्यापायी एखाद्याचा जीव जाईल. तू एवढी शिकलीस ना दगडांचं? मग लाव एकदाचा निकाल. खाण कुणी बुडवली ते सांग आणि सोडव मला. तोवर माझा गुडघा आहे तिथेच बरा आहे.”

आता हा निकाल म्हणजे काय भानगड होती, ते सांगायला हवं.

खाणीचा दगड फार जुना. कधीकाळी समुद्राच्या तळाच्याही खाली, खोल उष्णतेत तो तयार झाला, आणि पृथ्वीची दोन कवचं एकमेकांवर रेटली गेली तेव्हा मधल्या मध्ये चेपून वर आला. वर येता येता हिरवा पडला, साबणासारखा निसरडा झाला. त्या हिरव्या दगडात अधूनमधून काळ्या, जड क्रोमाइटचे साठे. हे साठे सलग पट्ट्यासारखे नसतात, मसुराच्या दाण्यासारखे असतात. मध्ये फुगीर, कडेला निमुळते, आणि एक संपला तर दुसरा कुठे असेल याचा पत्ता नाही. क्रोमाइटमधून क्रोमियम निघतं, ज्याच्यामुळे पोलाद गंजत नाही आणि नळाच्या तोट्या चमकतात.

हे गावाला कुठे माहीत होतं? खाणीच्या आधी ओढ्याच्या पात्रात काळे गोटे सापडत. हातात घेतले की खांदा खाली यायचा, इतके जड. कुणीतरी ते लोहाराला नेऊन दिले. लोहाराने दिवसभर भाता मारला, दगड वितळेना. शेवटी त्याने वैतागून तेच गोटे भट्टीच्या तळाशी लावून टाकले, आणि भट्टी कायमची पक्की झाली. पुढे दूर कुठेतरी युद्ध लागलं, पोलादाची गरज पडली, आणि एका कंपनीचा माणूस ती भट्टी बघून थबकला. ओढ्यापासून वर चढत चढत त्यांनी डोंगराच्या पोटात खाण काढली. छोटीशीच. मोठ्या खाणींपुढे ती म्हणजे पिटुकलं बीळ. पण गल्लीच्या सगळ्या चुली तिच्यावर पेटायच्या.

आणि मग एके दिवशी काळा दगड संपला. हळूहळू निमुळता होऊन नाही, तर एकदम, सुरीने कापावा तसा. पुढ्यात एक गुळगुळीत हिरवी भिंत. खाणीतले लोक अशा जागेला ‘सरक’ म्हणत, म्हणजे डोंगराचा तुकडा तुटून सरकलेला आणि त्याच्याबरोबर अर्धा मसूरही सरकलेला. अशा लहान लहान सरकी त्यांनी आधीही पाहिल्या होत्या. डावीकडे किंवा उजवीकडे थोडं खणलं की उरलेला साठा सापडायचा. या खेपेला कंपनीने सांगितलं, एका बाजूला खणून बघा, नाही सापडला तर कुलूप.

काका म्हणाले डावीकडे. मामा म्हणाले उजवीकडे. काका मुकादम, म्हणून डावीकडे खणलं. काही सापडलं नाही. कुलूप लागलं त्या दिवशी सगळ्यांच्या देखत मामा म्हणाले, “मुकादमाने खाण बुडवली.” काका म्हणाले, “ज्याने सुरुंगात दारू कमी भरली त्याने बुडवली. अजून हातभर पुढे गेलो असतो तर साठा मिळाला असता.” तिथून पुढे विळ्या-भोपळ्याचं सख्य.

आई म्हणाली तसं निकाल लावणं गारगोटीला फारसं जड वाटलं नाही. सकाळी नगरपालिकेचा इंजिनिअर बरोबर होता. त्याने छताचे आधार तपासून ठेवले होते, दिवे ओढले होते. ती आत जाऊन ती भिंत बघून आली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की इंजिनिअरने विचारलं, “छत पडणार आहे का?”

“छताचं काही नाही,” ती म्हणाली. “माझ्याच डोक्यावर पडणार आहे.”

घरी येऊन तिने स्वयंपाकघराच्या दाराला अडकण म्हणून ठेवलेला काळा गोटा उचलला. असा गोटा गल्लीत घरोघरी होता. काकांकडे दाराशी, मामांकडे पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर. आधीच्या पिढीने खाणीतून उचलून आणलेली आठवण, असं सगळे मानत. गारगोटीने फळीवरचा कप घेतला, पालथा केला आणि बुडाच्या खरखरीत कडेवर गोटा घासला. तपकिरी रेघ उठली. काळ्या दगडाची तपकिरी रेघ, म्हणजे क्रोमाइट. हे तर तिला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. या घरातल्या एकाही कपाचं बूड रेघांशिवाय नव्हतं.

“माझे कप,” आई आतून म्हणाली. “चाळिशी उलटली तरी माझे कप.”

पण गारगोटी रेघेकडे बघत नव्हती. ती गोट्याकडे बघत होती. गोटा गोल होता, पाण्याने घासून गुळगुळीत झालेला. खाणीतून फोडून काढलेला दगड असा नसतो, त्याला धारा असतात. आणि गोट्यावर ठिपके होते, हिरव्यात काळे, बिबट्याच्या कातड्यासारखे. अख्ख्या खाणीत असा ठिपक्यांचा दगड एकाच ठिकाणी तिने पाहिला होता, आज सकाळी, त्या सरकीला टेकून.

ती खाली फरशीवरच बसली आणि खूप हसली. मग हसू थांबलं, कारण आता हे सांगायचं कसं? काका आपलं डावीकडे उराशी धरून बसलेले, मामा आपलं उजवीकडे. इतकी वर्षं दोघांनी एकच गोष्ट जपली होती, आपण बरोबर असल्याची. एकाला हरवलं असतं तरी दुसरा जिंकला असता. इथे तर दोघांच्याही हातातून ती काढून घ्यायची होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने आईला सगळं सांगितलं.

आईने ऐकून घेतलं, गोट्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “उद्या दोघांना आत ने. बरोबरच. आणि खरं सांग. गोड करून सांगशील तर दोघांनाही कळेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं खाणीच्या तोंडाशी हजर, एक रुळाच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मामांनी कुठूनतरी जुनं हेल्मेट शोधून काढलं होतं आणि त्यावरची धूळ निम्मीच पुसली होती. गारगोटी मध्ये चालू लागली. आत गारवा होता, दगडाचा ओला वास होता. काकांचा हात आपोआप वर जाऊन आधाराची लाकडं चाचपत होता. मामा प्रत्येक जुन्या सुरुंगाच्या भोकापाशी क्षणभर थांबत होते.

डावीकडे खणलेला रिकामा बोगदा आला. काकांनी तिकडे पाहिलं नाही. मग आली ती भिंत. इतक्या वर्षांच्या झिरपणाऱ्या पाण्याने तिच्यावरची काजळी आणि चिखल धुऊन गेला होता, आणि दिव्याच्या उजेडात ती हिरवी चकाकत होती.

“बोल गारगोटी,” काका म्हणाले. “डावीकडे की नाही?”

“तिला सांगायला कशाला हवं,” मामा हवेला म्हणाले. “दगड काय ते सांगतोच आहे. उजवीकडे.”

“कुठेच नाही,” गारगोटी म्हणाली. “डावीकडे नाही आणि उजवीकडेही नाही. वर.”

पाणी टपकत होतं.

“वर काय?” काका म्हणाले.

“पलीकडचा भाग वर सरकला, काका. इतका वर, की डोंगराच्या माथ्यावर उघडा पडला. मग तो वाऱ्यापावसाने झिजला. आपण माणसं जन्मायच्या कितीतरी आधी झिजून ओढ्यात वाहून गेला. तुमच्या दाराशी आहे ना गोटा, तो खाणीतला नाहीच. आपला हरवलेला अर्धा साठा तोच. मामांच्या पिंपावर आहे तोही. तुम्ही दोघं इथे डावं-उजवं करत होतात, आणि तो घरी दारं अडकवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

मामांनी हेल्मेट मागे सारलं. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, आणि कुलूप लागल्या दिवसापासून जे घडलं नव्हतं ते घडलं. ते काकांकडे वळले.

“मुकादम,” ते म्हणाले, “पोरीचं शिक्षण वाया गेलं.”

“साफ वाया गेलं, पाहुणे,” काका म्हणाले. “सरक कधी वर जाते का? इतक्या सरकी काढल्या आपण. एकतरी वर गेली?”

“एकही नाही. सगळ्या आडव्या.”

“पुस्तकात असेल. खाणीत नसते.”

“पुस्तकवाल्यांना दारू भरायला सांगितली पाहिजे एकदा.”

दोघं मिळून तिच्यावर असे तुटून पडले की गारगोटीला वाद घालायचं भानच राहिलं नाही. ती लहान असताना हे दोघं असेच एका सुरात तिच्या वडिलांची थट्टा करायचे, हे तिला इतक्या वर्षांनी आठवलं. पण खरं सांगायचं काम अजून अर्धंच झालं होतं.

“हात लावून बघा,” ती म्हणाली. “दोघंही. भिंतीवर उभ्या रेघा आहेत की नाही? घासटल्याच्या. आडव्या सरकीत त्या आडव्या असतात. आता वरून खाली हात फिरवा.”

काकांनी फिरवला. मामांनी फिरवला. काचेवरून जावा तसा हात खाली आला.

“आता खालून वर.”

मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसं झालं. बारीक बारीक पायऱ्या बोटांना अडत होत्या. मामांनी पुन्हा वरून खाली केलं, पुन्हा खालून वर. काका नुसते तळवा टेकून उभे राहिले. दगड हाताने वाचण्यात दोघांचंही आयुष्य गेलं होतं. त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती. हात जिकडे सहज घसरतो तिकडेच आपली बाजू सरकलेली असते: आपली बाजू खाली घसरली होती आणि पलीकडची वर.

“चिखल होता तेव्हा,” मामा हळूच म्हणाले. “रेघा दिसल्याच नाहीत.”

“आणि आपण वर बघितलंच नाही,” काका म्हणाले. “वर काय बघायचं? वर तर गवत.” मग ते गारगोटीकडे वळले आणि त्यांचा मुकादमी आवाज अगदी बारीक झाला. “मग उजवीकडे खणलं असतं तरी?”

“तरी नसतं मिळालं, काका. दारू दुप्पट भरली असती तरी नसतं मिळालं, मामा. कंपनीच्या मालाला तेव्हा तसंही गिऱ्हाईक नव्हतं, त्यांना निमित्त हवं होतं. खाण कुणीच बुडवली नाही. ती संपली होती.”

काका खाली एका दगडावर बसले. ते तळहाताकडे बघत होते.

“मला वाटायचं, मीच बुडवली,” ते म्हणाले. “बाहेर मोठमोठ्याने डावीकडे म्हणायचो. पण घरी बसलो की वाटायचं, हा म्हणतो तेच खरं असेल तर? एवढी घरं माझ्यामुळे बसली असतील तर?”

मामा उभेच होते. त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

“दारू थोडी कमीच भरली होती, मुकादम,” ते म्हणाले. “छत कच्चं वाटलं मला. तुम्ही पुढे उभे होतात. त्यानंतर रोज वाटायचं, भरायला हवी होती.”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. “मी पुढे होतो म्हणून?”

“मग काय, तुमच्या अंगावर छत पाडू? ताईला काय तोंड दाखवलं असतं?”

गारगोटी दिव्याची वायर सरळ करायच्या निमित्ताने बाजूला झाली आणि तिने डोळे पुसले. मागून काका म्हणत होते, “दारू कमी म्हणून तुम्हाला नाही नाही ते बोललो मी,” आणि मामा म्हणत होते, “बोललात. मीही काही कमी बोललो नाही.”

दुपारी आईने एकदाच पानं वाढली. दोघं समोरासमोर बसले, पण लगेच गोडीगुलाबी वगैरे काही झाली नाही. मामांचं म्हणणं, त्यांचा गोटा काकांच्या गोट्यापेक्षा जड. काकांचं म्हणणं, मामांच्या गोट्याला निम्मा हिरवा दगड चिकटलाय. दोघंही आपापले गोटे घेऊन आले आणि कप पालथे करू लागले, तेव्हा आईने दोन्ही गोटे आणि दोन्ही कप काढून घेतले आणि निवांत जेवा म्हणून सांगितलं. ऑपरेशनबद्दल मात्र ती चकार शब्द बोलली नाही. निकाल लागला तरी माणसं बदलतातच असं नाही, एवढंच म्हणाली.

गारगोटीने संध्याकाळी फलकाचा मजकूर लिहिला. दगड कसा तयार झाला, लोहाराची भट्टी, युद्ध, कंपनी, सरक, ओढ्यातले गोटे. शेवटी एक ओळ तिने स्वतःहून घातली: ही खाण कुणाच्या चुकीने बंद पडली नाही.

सकाळी आई खिडकीपाशी बसून भाजी निवडत होती. समोरची दोन्ही दारं बंद होती. काका रोज या वेळेला बाहेर येत, आज आले नव्हते. आईचा हात थांबला. गारगोटी उठू लागली तर आईने तिला खुणेने बसवलं.

समोरून आवाज आला. दगडाने भिंतीवर मारलेला ठोका. दमदार, पण घाई नसलेला. मामांच्या बाजूने.

आई श्वास रोखून बसली.

मग पलीकडून उत्तर आलं, आणि पाठोपाठ काकांचा झोपेने जड झालेला आवाज, “आहे, आहे. भिंत पाडता का आता?”

आईने भाजीची परात बाजूला ठेवली, दोन्ही हात टेबलावर टेकून हळूहळू उभी राहिली आणि गुडघ्याला एक हात लावला.

“चल,” ती म्हणाली. “बॅग काढ माळ्यावरची.”